क्रूझवरच्या फॉर्मल नाइटला काय घालायचं? खरेदीला निघायच्या आधी वाचा

क्रूझ बुक झाली की आधी व्हिसाची धावपळ, मग इन्शुरन्स, आणि ते सगळं निस्तरलं की फॅमिली ग्रुपवर हमखास प्रश्न येतो, अगं तिथे फॉर्मल नाइट असते म्हणे, गाऊन घ्यावा लागेल का? यांना टक्सिडो भाड्याने मिळेल का? तर नाही, काहीही घ्यावं लागत नाही. तुमच्या कपाटात लग्नामुंजीचं जे काही पडलंय ना तेच फॉर्मल आहे, फक्त किती न्यायचं, कुठल्या रात्री घालायचं आणि त्याची वाट न लागता ते तिथपर्यंत कसं पोचवायचं एवढंच बघायचंय.

मी इथे आपल्या लोकांची सगळ्यात कॉमन केस धरतेय, म्हणजे आई-बाबा किंवा सासू-सासरे अमेरिकेत आलेत आणि मुलांनी फ्लोरिडातल्या मायामी किंवा पोर्ट कॅनव्हेरलहून सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ बुक केलीये. सिंगापूरहून तीन-चार रात्रींच्या क्रूझला जाणाऱ्यांनी हेच अर्धं करून वाचा. आणि मुंबईहून सुटणारी दोन रात्रींची असेल तर एक बरा ड्रेस टाका बॅगेत आणि झोपा निवांत.

पहिलं काम, रात्री मोजा. दिवस नाही, रात्री. दिवसा कोणी काही विचारत नाही, टीशर्ट हाफ पँटवर अख्खं जहाज फिरत असतं. ड्रेस कोड संध्याकाळचा असतो आणि तोही मुख्यतः मेन डायनिंग रूमसाठी, म्हणजे जिथे टेबलावर वाढतात त्या मोठ्या हॉलसाठी. सात रात्रींत साधारण दोन रात्री फॉर्मल, बाकी सगळ्या कॅज्युअल किंवा स्मार्ट कॅज्युअल. क्रूझ कंपन्यांपैकी कार्निव्हल त्याला एलिगंट नाइट म्हणतं, सेलिब्रिटीवाले इव्हिनिंग शिक म्हणतात, रॉयल कॅरिबियनवर फॉर्मल किंवा वेअर युअर बेस्ट असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. नावं वेगळी पण मामला एकच, त्या दिवशी जरा नटून या. नॉर्वेजियनवर तर सक्तीची फॉर्मल नाइट नसतेच, त्यामुळे तुमचं बुकिंग तिकडचं असेल तर अर्धं टेन्शन इथेच संपलं.

कुठल्या रात्री ते कंपनीच्या अॅपमध्ये दिसतं पण बरेचदा निघायच्या थोडंच आधी किंवा जहाजावर चढल्यावर दिसतं, तोवर अंदाज बांधायचा तर सोपं आहे, ज्या दिवशी जहाज कुठेच थांबत नाही, सी डे असतो, त्या रात्री फॉर्मल असण्याची शक्यता जास्त. कारण उघड आहे, दिवसभर बीचवर उन्हात भाजून साडेचारला जहाजावर परत आलेली माणसं सहा वाजता कोट घालून बसणार नाहीत. फ्लोरिडाहून निघालेल्या जहाजाचा दुसरा दिवस बहुतेक वेळा समुद्रातच जातो म्हणून पहिली फॉर्मल नाइट बरेचदा दुसऱ्या रात्री येते. पहिली रात्र आणि शेवटची रात्र सहसा साधीच असते, ती का ते पुढे बॅगांचं सांगताना येईलच.

आता कोणी म्हणेल की आम्हाला नाहीच नटायचं, आम्ही वरती बुफेला जाऊ. जा की, कोणी अडवत नाही, बुफे चालूच असतो. पण आपल्या शाकाहारी मंडळींना मी मेन डायनिंग सोडू नका असंच सांगेन, रॉयल कॅरिबियन, कार्निव्हलसारख्या जहाजांवर तिथे भारतीय शाकाहारी जेवण मिळतं, ठरलेली वेळ आणि ठरलेलं टेबल घेतलं असेल तर रोज तोच वेटर असतो, पहिल्या रात्री त्याला नीट समजावून सांगितलं की अंडं नको, मासा पण नको, की तो पुढचे सगळे दिवस लक्षात ठेवतो, कधी कधी तर आपण बसायच्या आधी डाळ येते. सासऱ्यांना पास्ता बघून कंटाळा आला की याची किंमत कळते. मग एवढ्यासाठी दोन रात्री बंदगळा चढवायचा, काय बिघडलं.

पुरुषांचं आधी उरकते कारण ते सोपं आहे. एक गडद रंगाचा जोधपुरी किंवा बंदगळा, तो नसेल तर साधा ब्लेझर, आणि एक काळी पँट. पहिल्या फॉर्मलला बंदगळा, दुसऱ्याला त्याच पँटवर सिल्कचा किंवा टसरचा कुर्ता आणि वर नेहरू जॅकेट. झालं. कोणाला कळतही नाही की पँट तीच आहे. फक्त एक, घरी सकाळी पेपर वाचताना घालतो तो पांढरा कॉटनचा झब्बा-पायजमा नको, आपल्याला तो सणाचा वाटतो पण दारावरच्या पोराला तो नाइट ड्रेस वाटू शकतो, त्याचा काय दोष. बाकीच्या रात्रींना कॉलरचा शर्ट आणि फुल पँट, दोन शर्ट आलटून पालटून चालतात. टँक टॉप, टोपी, पोहायचे कपडे, अनवाणी पाय हे मेन डायनिंगच्या डिनरला चालत नाही. बूट एकच जोड न्या, काळे लोफर, ते बंदगळ्यावर पण जातात आणि शर्टवर पण. कोल्हापुरी हौसेने नेणार असाल तर जेवणाच्या हॉलपुरती ठेवा आणि तिथेही पुरुषांच्या उघड्या चपलांना काही कंपन्यांची ना असते तेव्हा आधी वाचून घ्या, आणि ओल्या डेकवर तर ती अजिबात नको, चामडं पाणी पितं आणि तळ गुळगुळीत.

बायकांचं म्हणजे साडी. साडी ही त्या अख्ख्या हॉलमधली सगळ्यात फॉर्मल गोष्ट ठरते, गाऊनवाल्या बायका थांबवून विचारतात हे तुम्ही कसं नेसता, तेव्हा भाड्याचे गाऊन, ऑनलाइन मागवलेले सिक्वेन्सचे ड्रेस हे सगळं विसरा. पण कुठली साडी हा खरा प्रश्न आहे. पैठणी न्यायचा मोह सगळ्यांना होतो, जड असते, जरीला घडी पडते, वजनात किलोभर जाते, आणि वर वाइनचे ग्लास घेऊन फिरणारी माणसं सगळीकडे. माझं मत विचाराल तर पैठणी एकच न्या, तीही आई किंवा सासूबाईंसाठी, कारण त्या ती सांभाळतात. आपण क्रेप, जॉर्जेट, शिफॉन किंवा मऊ सिल्क न्यावी. ऑर्गन्झा, लिनन, कडक कॉटन हे जहाजावर शाप आहेत.

का ते सांगते. जहाजाच्या केबिनमध्ये इस्त्री नेता येत नाही. आगीच्या भीतीने इस्त्री आणि कपड्यांचा स्टीमर दोन्हीवर बंदी असते, चढताना बॅग स्कॅन होते त्यात सापडलं की काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. एक्स्टेन्शन बोर्डचंही बऱ्याच कंपन्यांत तेच. कार्निव्हल आणि प्रिन्सेसच्या बहुतेक जहाजांवर प्रवाशांसाठी लाँड्री रूम असतात तिथे इस्त्री मिळते, रॉयल कॅरिबियनवर तशी सोय नसते, तिथे केबिन अटेंडंटकडे कपडे देऊन पैसे मोजून इस्त्री करून घ्यायची. म्हणून घरूनच परीक्षा घ्या, साडीचा पदर किंवा शर्टाची बाही मुठीत घट्ट दाबून अर्धा मिनिट धरा आणि सोडा. सुरकुत्या आपोआप उतरल्या तर ती न्या, कागदासारख्या राहिल्या तर ती राहू दे कपाटात. शर्ट असेल तर गरम पाण्याचा शॉवर सोडून बाथरूममध्ये टांगून ठेवला की बऱ्यापैकी सरळ होतो. हे सिल्कला करू नका, पाण्याचे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

साडी भरण्याचीही एक रीत आहे. निऱ्या आणि पदराच्या प्लेट्स घरीच घालून, पिना लावून, इस्त्री मारून बॉक्स फोल्ड करून घ्या, हल्ली पार्लरवाल्या हे करून देतात, स्वतःलाही जमतं, यूट्यूब आहेच. मग ती घडी ड्राय क्लीनच्या पातळ प्लॅस्टिक पिशवीत घालून बॅगेत सगळ्यात वर आडवी ठेवा. याचा खरा फायदा केबिनमध्ये कळतो. साधी केबिन म्हणजे पंधरा-सतरा चौरस मीटर, त्यात पलंग, सोफा, आरसा एकच, आणि त्या जागेत सासूबाई, तुम्ही आणि दहा वर्षांची मुलगी एकाच वेळी तयार होताय. घडी घातलेली साडी पाच मिनिटांत नेसून होते, नाहीतर पलंगाच्या कडेला उभं राहून निऱ्या घालताना जहाज जरासं हललं की सगळं परत पहिल्यापासून. पुरुष मंडळींना आधी आंघोळ करून, कपडे चढवून डेकवर सूर्यास्त बघायला पिटाळा, खोली मोकळी. डिनरची पहिली बॅच साडेपाच-सहाच्या आसपास असते तेव्हा चारपासून आंघोळीचे नंबर लावलेले बरे.

परकराऐवजी साडी शेपवेअर घातलंत तर जिन्यावर बरं पडतं. लिफ्टला त्या वेळी तुफान गर्दी असते आणि लोक जिन्यानेच उतरतात. टाच दोन इंचाच्या वर नको, तीही जाड हवी, समुद्र खवळलेला असेल त्या रात्री पेन्सिल हिल घालून कॉरिडॉरमधून चालणं म्हणजे तारेवरची कसरत. आणि शाल किंवा स्टोल घ्याच, बाहेर कितीही उकडत असो, डायनिंग रूम आणि थिएटरमधला एसी हाडं गोठवतो, ज्येष्ठांना तर फार. एकच काळी किंवा मरून शाल सगळ्या साड्यांवर खपते.

नेहमीच साडी नेसणाऱ्या सासूबाईंना ड्रेस कोडची काही चिंताच नाही, त्या रोजच फॉर्मल. सलवार-कमीज, अनारकली, पलाझोवर लांब कुर्ती हे स्मार्ट कॅज्युअलला एकदम फिट, एक बरा दुपट्टा असला की फॉर्मललाही चालून जातं. दागिने खोटेच न्या. केबिनमध्ये नंबरचं लॉक असलेली छोटी तिजोरी असते, मंगळसूत्र, पासपोर्ट त्यात राहतो, पण सोन्याचा सेट नेऊन आठवडाभर जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा.

लहान मुलांना सक्ती नसते. मुलगा असेल तर कॉलरचा शर्ट, मुलगी असेल तर खणाचं परकर-पोलकं घाला आणि बघा गंमत, फॉर्मल नाइटला जागोजागी बॅकड्रॉप लावून फोटोग्राफर उभे असतात ते स्वतः बोलावून फोटो काढतात. फोटो काढायला पैसे नाहीत, विकत घ्यायला आहेत आणि भरपूर आहेत, तेव्हा आपल्या फोनवर पण काढून घ्या, मोठ्या जिन्यापाशी संध्याकाळी लाइट छान असतो. मुलांच्या कपड्यांत अजून एक बघा, मिलिटरी प्रिंटचं काही असेल तर घरी ठेवा. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसियासारख्या बेटांवर सामान्य माणसाने कॅमोफ्लाज घालायला कायद्याने बंदी आहे, मुलांनाही.

थीम नाइटचं फार मनावर घेऊ नका. व्हाइट पार्टी असते एमएससीवगैरेवर, त्याला चिकनकारीचा पांढरा कुर्ता मस्त. डिस्नीच्या बहुतेक कॅरिबियन क्रूझवर पायरेट नाइट, मुलांच्या डोक्याला रुमाल बांधला की काम झालं. व्हर्जिन व्हॉयेजेसवर स्कार्लेट नाइटला सगळे लाल, आपल्याकडे लाल साडी नाही असं घर दाखवा मला. तसं बघता सगळं ऐच्छिक आहे, पण घातलं की मजा येते.

मात्र क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीचं बुकिंग असेल तर वरचं सैल बोलणं थोडं बाजूला ठेवा. त्यांचं क्वीन मेरी २ जहाज इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क असं अटलांटिक ओलांडतं, साधारण सात रात्री, सगळा वेळ समुद्रात, आणि तिथे लोक खरंच नटतात. गाला इव्हिनिंग म्हणतात, बो टाय, लांब गाऊन, ब्लॅक अँड व्हाइट किंवा मुखवट्यांची अशा थीम. संध्याकाळी सहानंतर नियम लागू, ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफे, पब अशा ठरावीक जागा मोकळ्या. पण त्यांच्याही नियमात स्वतःच्या देशाचा फॉर्मल पोशाख चालतो, म्हणजे बंदगळा आणि साडी तिथेही सही. याच्या उलट कॅरिबियन क्रूझवर फॉर्मल नाइटला पोलो टीशर्टमधली माणसंही दिसतील, तेव्हा आपण जास्त नटलो की काय असं वाटून घेऊ नका आणि कमी नटलो म्हणूनही लाजू नका.

आता बॅगांचं. पोर्टवर मोठ्या बॅगा टॅग लावून पोर्टरकडे द्यायच्या असतात आणि त्या केबिनच्या दारात यायला संध्याकाळ होते, कधी कधी जेवण झाल्यावर येतात. म्हणून पहिल्या रात्रीच्या जेवणाचे कपडे, औषधं आणि पोहायचे कपडे हातातल्या बॅगेत. फॉर्मलचे कपडे केबिनमध्ये गेल्या गेल्या टांगा, हँगर कमी पडतात तेव्हा चार-पाच घरून न्या, वजन काही नसतं. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, त्यावर चुंबकाचे हुक चिकटतात, शाल, पर्स, ओढण्या टांगायला फार उपयोगी पडतात. सेफ्टी पिनांचं एक पाकीट पर्समध्ये आणि एक बॅगेत.

शेवटच्या रात्री उलटं होतं. मोठ्या बॅगा रात्री अकराच्या आसपास बंद करून दाराबाहेर ठेवायच्या म्हणतात आणि त्या थेट सकाळी टर्मिनलवर दिसतात. तेव्हा बंदगळा, साड्या, हिल्स हे सगळं त्या दुपारीच भरून टाका, जेवायला साध्या ड्रेसमध्ये जा, आणि कुलूप लावायच्या आधी प्रत्येकाचे उद्या उतरायचे कपडे, आतले कपडे आणि चपला बाहेर काढून ठेवल्यात ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नवऱ्याच्या 'हो काढलेत' वर विसंबू नका.