म्युच्युअल घटस्फोट: सही करण्याआधी पैसा, मूल आणि मन यांची तयारी

संमतीच्या घटस्फोटात सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे ‘जाऊ दे, मला काही नको.’ महिनोन्‌महिन्यांच्या भांडणाने जीव दमलेला असतो, कुणीतरी कागद पुढे करतं, आणि सुटकेच्या घाईत सही होते. वर्षभराने शाळेची फी भरायची वेळ येते तेव्हा त्या सहीची किंमत कळते. म्हणून पहिला नियम हा की पैशाचा, मुलाचा आणि मनाचा हिशेब वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वहीत मांडायचा. एकाची भरपाई दुसऱ्यातून करायला गेलं की तिन्ही बिघडतात.

घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर आधी सुरक्षितता पाहा. महिला हेल्पलाइन १८१ आहे, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते. सासरच्या घरात राहण्याचा हक्क याच कायद्यात आहे; घर कुणाच्या नावावर आहे एवढ्यावरून तो संपत नाही. दबावाखाली दिलेली संमती ही संमती नव्हे.

कोर्टाचा रस्ता

हिंदू विवाह कायद्याखाली (बौद्ध, जैन, शीख जोडप्यांनाही तो लागू आहे) संमतीचा अर्ज कलम १३ ब प्रमाणे होतो. त्याआधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे दोन घरांतच असं नाही. एका छपराखाली असूनही नवरा-बायको म्हणून नांदत नसाल तर ते धरलं जातं. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना विशेष विवाह कायद्यात अशीच तरतूद आहे. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी विवाहांचे नियम वेगळे, त्यामुळे इथल्या मुदती त्यांना लावू नका.

पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून हे सहा महिने माफ करायचा अधिकार न्यायाधीशांना आहे. मात्र वेगळं राहून दीड वर्ष झालेलं, समेटाचे प्रयत्न संपलेले, आणि पोटगी व मुलाचा ताबा यांचा निकाल दोघांत लागलेला असावा लागतो. म्हणजे घाई असेल तर अटी पक्क्या करा. वेळ तिथेच वाचतो.

हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. व्यवहार इथेच फसतात. एकाने सगळे पैसे पहिल्याच तारखेला देऊन टाकले आणि दुसऱ्याने पाठ फिरवली, किंवा एकीने दागिने न घेता घर सोडलं आणि नंतर त्यांचा पत्ताच लागला नाही, असं घडतं. म्हणून संमती अटींत, म्हणजे वकील ज्याला कन्सेंट टर्म्स म्हणतात त्यांत, रक्कम टप्प्यांत ठेवा: काही भाग अर्ज दाखल होताना, उरलेला दुसऱ्या संमतीच्या दिवशी, कोर्टासमोर डिमांड ड्राफ्टने. रोखीने अजिबात नको.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. दोघांचा मिळून एकच वकील ठेवायची पद्धत आहे, पण घर, कर्ज किंवा मूल यांतलं काहीही असेल तर सही करण्याआधी अटींचा मसुदा स्वतःच्या वेगळ्या वकिलाला एकदा वाचायला द्याच.

पैसा: आधी आकडे, मग मागणी

मागच्या बारा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, दोघांची पगारपत्रकं आणि आयकर विवरणपत्रं, कर्जाची कागदपत्रं, विमा, पीएफ, म्युच्युअल फंड, सोन्याच्या पावत्या हे सगळं एका फाईलमध्ये घाला आणि फोनमधला फोटो स्वतःच्या नव्या ईमेलवर ठेवा. पोटगीचा वाद कोर्टात गेला तर दोघांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावंच लागतं. २०२० पासून ते सक्तीचं आहे. ते आजच कच्चं लिहून पाहा, विसरलेल्या गोष्टी वर येतात.

‘बायकोला अर्धी मालमत्ता मिळते’ हा समज महाराष्ट्रात खरा नाही. गोव्यातल्या नागरी कायद्यात वेगळा करार केलेला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची समाईक होते; इथे तशी तरतूद नाही. इथे पोटगी ठरते ती गरज, उत्पन्न, राहणीमान आणि जबाबदाऱ्या पाहून. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचंच: माहेरचे आणि सासरचे दागिने, तिला मिळालेल्या भेटी. त्याची यादी वजनासकट करा आणि ते कुठल्या दिवशी, कुणासमोर ताब्यात दिलं जाईल हे अटींत लिहा.

मुलाचा खर्च ठोकळ आकड्याने मागू नका, मांडून दाखवा. समजा घरखर्चातला मुलाचा वाटा महिना १२,००० रुपये, शाळा व बस वर्षाला ९०,००० म्हणजे महिना ७,५००, क्लास २,५००, दवाखाना व औषधं १,०००. झाले २३,०००. आता महागाई. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी हाच खर्च महिना साधारण ४९,६०० होतो. अटींत वार्षिक वाढीचं कलम नसेल तर दहाव्या वर्षी निम्म्याहून जास्त भार एकाच पालकावर पडतो. वाढीची टक्केवारी, फीचा वाटा, मोठ्या आजारपणाचा खर्च आणि पदवीपर्यंतचं शिक्षण या चारही गोष्टी स्वतंत्र ओळींत असाव्यात. मुलाचा पोषणाचा हक्क मुलाचा आहे. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी तो सुटत नाही.

एकरकमी की मासिक? समोरच्याची नोकरी बेभरवशाची असेल किंवा पैसे दर महिन्याला मागावे लागतील अशी चिन्हं असतील, तर एकरकमी बरी. पण गणित करून घ्या: ३० लाखांची ठेव ७ टक्क्यांनी महिन्याला १७,५०० रुपये देते, आणि मुद्दल तेवढंच राहिल्याने दरवर्षी त्याची खरेदीशक्ती घटते. आमच्या मते स्वतःसाठी एकरकमी आणि मुलासाठी मासिक, हा मेळ बऱ्याच घरांत जास्त टिकतो.

घराच्या कर्जाबद्दल गैरसमज फार. दोघांच्या सहीचं कर्ज असेल तर ‘हप्ते तो भरेल’ असं अटींत लिहिल्याने बँकेच्या दप्तरातून तुमचं नाव जात नाही. त्याने हप्ता चुकवला की तुमचाही सिबिल स्कोअर घसरतो. घर ठेवणाऱ्याने कर्ज एकट्याच्या नावावर फिरवून घ्यावं आणि बँकेचं पत्र मिळाल्यावरच तुम्ही घरावरचा हक्क सोडावा. महाराष्ट्रात पती-पत्नीत निवासी घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं. स्थानिक अधिभार व नोंदणीचा खर्च वेगळा. ही सवलत नात्याला आहे आणि हुकूमनाम्यानंतर नातं उरत नाही. त्यामुळे दस्त आधी नोंदवायचा, पण फार आधीही नाही, कारण संमती फिरण्याचा धोका आहेच. दुसऱ्या संमतीच्या आठवड्यात तारीख ठरवा.

जोडखातं असेल तर बँकेला लेखी कळवून व्यवहार दोघांच्या सहीनेच व्हावेत असं करून घ्या. ॲड-ऑन क्रेडिट कार्ड (एकाच्या खात्यावर दुसऱ्याला दिलेलं जादा कार्ड) बंद करा. आरोग्य विमा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी, असेल तर नूतनीकरणाच्या दोन महिने आधी स्वतंत्र पॉलिसीचं बोलून घ्या, विम्यात एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका.

मूल

मुलाला दोघांनी मिळून, सुट्टीच्या दिवशी सकाळी सांगा. रात्री झोपताना सांगितलं तर ते एकटंच अंधारात विचार करत पडतं. वाक्यं थोडी ठेवा: ‘आई-बाबा आता वेगळ्या घरांत राहणार आहेत. हे मोठ्यांचं ठरलंय, तुझ्यामुळे नाही. तुझी शाळा, तुझे मित्र, तुझी खोली तीच.’ जे खरोखर तसंच राहणार असेल तेवढंच बोला. लहान मुलं तोच प्रश्न वीस वेळा विचारतील. वीस वेळा तेच उत्तर द्या. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा ताबा कायद्याने साधारणपणे आईकडे असतो, पण म्हणून वडिलांची भेट कमी करावी असं मुळीच नाही. त्या वयात महिन्यातून एकदा दिवसभर भेटण्यापेक्षा आठवड्यात दोनदा दोन तास जास्त उपयोगी पडतात.

भेटीचं वेळापत्रक ‘सोयीनुसार’ असं लिहू नका. सोयीनुसार म्हणजे दर शनिवारी नवं भांडण. पुढचं सगळं तारखांनिशी हवं: कुठले शनिवार-रविवार, किती वाजता न्यायचं आणि आणून सोडायचं, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, गणपती आणि दिवाळी यंदा कुणाकडे व पुढच्या वर्षी कुणाकडे, वाढदिवसाचे तास, व्हिडिओ कॉलची वेळ. शक्यतो शाळा सुटताना एकाने न्यावं आणि सोमवारी शाळेतच सोडावं, म्हणजे दारात समोरासमोर येणं टळतं. शाळेत दोघांचेही फोन नंबर नोंदवा.

मुलाच्या हातून निरोप पाठवू नका. परत आल्यावर ‘तिकडे कोण आलं होतं?’ असं विचारू नका. पोटगी थकली म्हणून भेट अडवायची नाही आणि भेट अडवली म्हणून पोटगी थांबवायची नाही. दोन्हींसाठी कोर्टात वेगळा अर्ज करता येतो. मुलाला ओलीस धरलं तर ते पुढे दोघांवरही विश्वास ठेवत नाही.

मन

एकमेकांशी फक्त मूल, पैसे आणि तारखा यांवर, लेखी बोला. रागाने लिहिलेला मेसेज वहीत उतरवा आणि चोवीस तासांनी वाचा. पाठवायची गरज क्वचितच उरते. कोर्टात तोच मेसेज पुराव्यादाखल येतो हेही लक्षात असू द्या. नातेवाईकांसाठी एक वाक्य ठरवून ठेवा, ‘आम्ही वेगळे होतोय, बाकी बोलायचं नाहीये,’ आणि मावशी असो की शेजारीण, तेच सांगा. मन मोकळं करायला दोनच माणसं निवडा.

पहिला सण अवघड जातो. त्या दिवशी मूल दुसरीकडे असेल तर घरी एकटं बसू नका. महिनाभर आधी कुणाकडे जायचं ते ठरवा. दोन आठवड्यांहून जास्त झोप किंवा जेवण बिघडलेलं असेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर डॉक्टर गाठा. जगणं नको असं वाटू लागलं तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा; तिथे मोफत बोलता येतं.

हुकूमनाम्यानंतर

हुकूमनाम्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती काढून ठेवा. बँक, सोसायटी, शाळा, पासपोर्ट आणि पीएफ सगळीकडे लागतात. घटस्फोटाने बँकेतलं, म्युच्युअल फंडातलं वा विम्यातलं नामनिर्देशन आपोआप बदलतं असं धरून चालू नका. प्रत्येक ठिकाणी जाऊन नवा फॉर्म भरा आणि पोच घ्या. नॉमिनी मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचं, असेल तर त्याच्या वतीने पैसे कोण स्वीकारेल त्या माणसाचं नावही त्याच फॉर्मवर लिहा, आणि मृत्युपत्र केलेलं असेल तर ते नव्याने करा.