नमाज पढताना या चुका टाळा

आमच्या जाफरनगरच्या घराच्या ओसरीत दर रविवारी फजरनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) मी मोठ्या माणसांना नमाज शिकवतो. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण काटोल, सावनेर, उमरेडकडच्या गावांतून कामधंद्यासाठी नागपुरात आलेले, मराठी शाळेत शिकलेले आणि उर्दू वाचता न येणारे असतात. कोणी लहानपणी शिकलेले विसरलेला असतो, तर कोणी पहिल्यांदाच शिकत असतो. चुका मात्र सगळ्यांच्या सारख्याच असतात आणि त्यांपैकी दोन चुका मला इतक्या वेळा दिसल्या आहेत की त्यांच्यावर सविस्तर लिहिणे आता भाग आहे. नागपुरातले बहुसंख्य मुसलमान हनफी पद्धतीने (इस्लामी कायद्याच्या एका परंपरेनुसार) नमाज पढतात, त्यामुळे पुढे जे सांगतो ते त्या पद्धतीला धरून आहे. कोकणातून आलेल्या शाफई (दुसऱ्या परंपरेच्या) बांधवांनी आपल्या इमामांना विचारून घ्यावे.

पहिली चूक घाईची आहे, पण ‘घाई करू नका’ एवढे सांगून ती सुटत नाही, कारण घाई करणाऱ्याला आपण घाई करतो आहोत हे ठाऊकच नसते. गेल्या वर्षी रमजानच्या तोंडावर हिंगणा एमआयडीसीत काम करणारा एक तरुण माझ्याकडे आला. त्याने मोबाइलवरचे छोटे व्हिडिओ पाहून चार दिवसांत नमाज पाठ केली होती आणि मी ती फक्त एकदा तपासून द्यावी, अशी त्याची अपेक्षा होती. पाठांतर खरोखरच चांगले होते. तरीही जोहरच्या (दुपारच्या नमाजेच्या) चार रकाती (नमाजेचे फेरे) त्याने दोन मिनिटांच्या आत संपवल्या. रुकूतून (कमरेत वाकलेल्या स्थितीतून) तो उठल्यासारखे करी आणि कंबर पुरती सरळ होण्याआधीच सजद्यात (कपाळ जमिनीवर टेकण्याच्या स्थितीत) जाई. पहिल्या सजद्यानंतर डोके जमिनीपासून वीतभर उचलले की लगेच दुसरा सजदा. मी त्याला थांबवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘‘सर, व्हिडिओत असंच आहे.’’ मी तो व्हिडिओ पाहिला. शिकवणाऱ्याची नमाज बिनचूक असावी, पण व्हिडिओ लहान करण्यासाठी मधले सगळे थांबे कापून टाकलेले होते. उभे राहणारा माणूस पुढच्याच क्षणी सजद्यात दिसत होता. जे कापले गेले ते नमाजेत असतेच, हे नवख्याला कळणार कसे?

त्या दोन थांब्यांना नावे आहेत. रुकूनंतर सरळ उभे राहणे म्हणजे कौमा आणि दोन सजद्यांच्या मध्ये बसणे म्हणजे जलसा. ही दोन्ही ठिकाणे शोभेसाठी नाहीत. पैगंबरांचे सहकारी अबू हुरैरा यांनी सांगितलेल्या आणि बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत असलेल्या हदीसमध्ये (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदीत), घाईने नमाज पढून आलेल्या माणसाला पैगंबरांनी (स.) तीन वेळा परत पाठवले आणि प्रत्येक वेळी सांगितले की, परत जा आणि नमाज पढ, कारण तू नमाज पढलेलाच नाहीस. शेवटी त्याने शिकवण्याची विनंती केली, तेव्हा रुकूत स्थिर हो, मग सरळ उभा राहा, सजद्यात स्थिर हो, मग बसून स्थिर हो, असा क्रम त्याला समजावून सांगितला. हनफी फिक्हनुसार (धार्मिक कायद्यानुसार) ही स्थिरता वाजिब (फर्जच्या, म्हणजे अनिवार्य गोष्टींच्या, खालोखाल आवश्यक) आहे आणि ती जाणूनबुजून सोडली तर नमाज पुन्हा पढावी लागते.

यावर मी उपाय करतो तो माझ्या सवयीचा आहे, कुठल्या पुस्तकातला नव्हे. ‘समिअल्लाहु लिमन हमिदह’ म्हणत उठायचे आणि ‘रब्बना लकल हम्द’ हे कंबर सरळ झाल्यावरच सुरू करायचे, खाली जाताना नाही. जलशात ‘रब्बिग्फिर ली’ म्हणायचे आणि ते म्हणून होईपर्यंत हात मांड्यांवर टेकलेले असले पाहिजेत. चार रकातींत चार रुकू आणि आठ सजदे, म्हणजे बारा ठिकाणी किमान तीन-तीन तसबीह (अल्लाहच्या स्तुतीचे छोटे वाक्य) झाल्या. त्या छत्तीस तसबीह मी शिकणाऱ्याला माझ्यासमोर बोटांवर मोजायला लावतो. त्या तरुणाने याच पद्धतीने घड्याळ लावून चार फर्ज रकाती पढल्या, तेव्हा सहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत. त्याची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची होती. चार दिवसांत नमाज शिकवण्याचे आश्वासन देणाऱ्यांविषयी माझे मत वाईट आहे आणि ते बदलण्याचे कारण मला अजून मिळालेले नाही. ज्याला शिकायचे आहे त्याने महिनाभर एखाद्या जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहावे.

जमातीत, म्हणजे इमामामागे सर्वांबरोबर पढताना, हीच घाई इमामाच्या पुढे धावते. इमामाआधी डोके उचलणाऱ्याबद्दल हदीसमध्ये फार कडक इशारा आहे. इमामाची हालचाल सुरू झालेली दिसल्याशिवाय किंवा तकबीर (‘अल्लाहु अकबर’) ऐकू आल्याशिवाय आपण हलायचे नाही. उशिरा येणारे रुकू गाठण्यासाठी मशिदीत धावतात आणि वाकता वाकताच पहिली तकबीर म्हणतात. धावण्याची मनाई आहे; शांतपणे चालत यावे, जेवढी मिळेल तेवढी इमामाबरोबर पढावी आणि राहिलेली नंतर पूर्ण करावी. पहिली तकबीर सरळ उभे राहूनच म्हणायची असते, वाकून म्हटली तर नमाज सुरूच होत नाही. इमाम रुकूत असताना क्षणभर जरी त्यांच्याबरोबर रुकू मिळाला, तरी ती रकात मिळाली. मगरिबची (सूर्यास्तानंतरच्या तीन रकातींच्या नमाजेची) फक्त तिसरी रकात मिळालेला माणूस नेहमी गोंधळतो. त्याने इमामाच्या दोन्ही सलामांनंतर (शेवटी उजवीकडे-डावीकडे मान वळवून म्हणायच्या) उठून एक रकात पढावी, बसून अत्तहियात (बैठकीतला पाठ) म्हणावी, मग उठून आणखी एक रकात पढून शेवटचे बसावे.

दुसरी चूक देवनागरीत छापलेल्या नमाजेच्या पुस्तिकांमुळे होते आणि तिची मला अधिक काळजी वाटते, कारण ती करणारे बहुतेक लोक अत्यंत मनापासून पढणारे असतात. ‘जग’ आणि ‘जमीन’ यांतले ज वेगळे उच्चारायचे, हे मराठी वाचकाला कोणी सांगावे लागत नाही, कारण हे शब्द त्याने वाचण्याआधी कानांनी ऐकलेले असतात. अरबीच्या बाबतीत ती सोय नाही. जीम, जाल, जे, जाद आणि जो या पाच अक्षरांसाठी मराठी छपाईत एकच ज येतो. से, सीन, साद या तिघांसाठी एक स. दोन वेगळ्या ‘हे’ंसाठी एक ह. आणि ‘ऐन’ तर नाहीसाच होतो. घशाजवळून उच्चारलेल्या क ने ‘कल्ब’ म्हणजे हृदय आणि आपल्या नेहमीच्या क ने ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. ‘ऐन’ने सुरू होणारा ‘अलीम’ म्हणजे सर्व जाणणारा आणि ‘अलिफ’ने सुरू होणारा ‘अलीम’ म्हणजे यातनादायक. कागदावर हे दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. शिवाय शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व अ मराठी माणूस सहजच गिळतो, म्हणून छापणारे ‘इय्याका’ असे छापतात आणि मग वाचणारा तो अ लांबवतो.

उमरेडकडून लग्न होऊन नागपुरात आलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई माझ्या पत्नीकडे शिकायला येऊ लागल्या. बायकांना तीच शिकवते. या बाईंची एकही नमाज चुकत नसे आणि माहेरून आणलेली एक जीर्ण पुस्तिका त्या रुमालात गुंडाळून जपत. त्यांनी सूरा फातिहा (कुराणातला पहिला अध्याय) म्हणून दाखवली, तेव्हा शेवटच्या आयतीत (ओळीत) ‘अनअम्त’ऐवजी ‘अनअम्तु’ असे ऐकू आले. पुस्तिका उघडून पाहिली, तर शब्दाच्या शेवटच्या त ला एक उकार चुकून छापला गेला होता. एवढ्याने ‘ज्यांच्यावर तू कृपा केलीस’ याचे ‘ज्यांच्यावर मी कृपा केली’ असे होते. तीस वर्षे प्रत्येक रकातीत त्या हेच म्हणत आल्या होत्या. त्या खूप रडल्या. आधीच्या नमाजांचे काय, हा प्रश्न मुफ्तींचा (धार्मिक निर्णय देणाऱ्यांचा) असल्याने आम्ही त्यांना तिकडे पाठवले आणि दुसऱ्या दिवसापासून पत्नीने पहिल्या आयतीपासून सुरुवात केली. फातिहाच्या सात आयतींना त्यांना पाच आठवडे लागले. आता त्या इतर बायकांना शिकवतात.

म्हणून पुस्तिका आठवण्यासाठी ठेवा, शिकण्यासाठी नको. तीन दिवसांत एकच आयत घ्या, जाणत्याच्या तोंडून ऐका, त्याला म्हणून दाखवा, मग मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून रात्री ऐका. मोबाइलचा हा उपयोग मला मान्य आहे. पूर्ण सूरा एका बैठकीत पाठ करायला निघालेल्यांना मी परत पाठवतो. तकबीरही तपासून घ्या. ‘अल्लाहु’चा पहिला अ लांबवून ‘आल्लाहु’ केले तर वाक्य प्रश्नार्थक होते आणि ‘अकबर’चे ‘अकबार’ केले तर तो शब्दच बदलतो. अरबीत त्याचा अर्थ ढोल असा होतो.

वेळेच्या बाबतीत नातेवाइकांनी पाठवलेले मुंबईचे वेळापत्रक नागपुरात वापरण्याची चूक दर रमजानमध्ये होते. मुंबई सुमारे ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि नागपूर ७९.१ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटे धरली, तर सूर्य नागपुरात साधारण २५ मिनिटे आधी उगवतो आणि मावळतो; ऋतूप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो. मुंबईच्या वेळेनुसार सहेरी (रोज्याआधीचे पहाटेचे जेवण) संपवणाऱ्याचा नागपुरात रोजाच होत नाही, कारण तोपर्यंत इथे फजर लागून गेलेली असते. वेळा दाखवणाऱ्या ॲपमध्ये अस्रसाठी (दुपार उलटल्यावरच्या नमाजेसाठी) हनफी की शाफई हेही निवडावे लागते. सावली वस्तूच्या एकपट झाली की शाफईंची अस्र सुरू होते आणि दुप्पट झाली की हनफींची. दुपारची मूळ सावली दोन्ही ठिकाणी वगळून मोजतात.

किब्ल्यासाठी, म्हणजे नमाजेत मक्केतल्या काबेकडे तोंड करण्याच्या दिशेसाठी, ‘पश्चिमेकडे तोंड’ एवढे नागपुरात जवळपास पुरते. मक्का आणि नागपूर दोन्ही २१ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत, तरीही पृथ्वी गोल असल्याने इथला किब्ला पश्चिमेपासून सुमारे ८ अंश उत्तरेकडे सरकलेला आहे. हनफी मतानुसार ४५ अंशांच्या आतल्या फरकाने नमाज बिघडत नाही, म्हणून यावरून वाद घालू नयेत. लोखंडी कपाटाजवळ किंवा मोटारसायकलवर मोबाइल ठेवून त्यातले होकायंत्र पाहणाऱ्यांची दिशा मात्र भलतीकडेच जाते. माझी पद्धत जुनी आहे. दरवर्षी २८ मेच्या सुमारास दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी सूर्य बरोबर काबेच्या माथ्यावर असतो, म्हणजे त्या क्षणी सूर्याची दिशा हाच किब्ला. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) असल्याने नागपुरात तेव्हा लख्ख ऊन असते. गच्चीवर काठी उभी करून तिच्या सावलीची रेघ खडूने आखून घ्या आणि सावली ज्या बाजूला पडली, तिच्या उलट बाजूला तोंड करा. १६ जुलैच्या सुमारास २ वाजून ५७ मिनिटांनी हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेले असण्याची शक्यता जास्त.

नवतपाच्या दिवसांत वुजू (नमाजेआधी हात, तोंड, पाय धुणे) सर्वांत वाईट होतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की दुपारी टाकीतल्या पाण्याने हात भाजतो, म्हणून लोक तोंडावर शिपकारे मारून मोकळे होतात आणि कोपर व टाचा कोरड्या राहतात. कोरड्या टाचांबद्दल हदीसमध्ये नरकाच्या आगीचा स्पष्ट इशारा आहे. सकाळीच एक माठ भरून सावलीत ठेवा. पैगंबर एक मुद्द, म्हणजे लहानशा तांब्याएवढ्या पाण्यात वुजू करत, त्यामुळे पाणी कमी पडते ही सबब चालत नाही. टाचांच्या भेगांमध्ये बोट फिरवा. नखांवरचा पॉलिश, वाळलेली कणीक, रंग आणि सिमेंट वुजूआधी काढावे लागतात. मेंदीच्या रंगाने काही बिघडत नाही. कडक उन्हात जोहर थोडी थंड वेळ होईपर्यंत लांबवणे हीच सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे, तेव्हा एक वाजताच उरकण्याची गरज नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. सजद्यात कपाळाबरोबर नाकही टेकले पाहिजे आणि पायांची बोटे जमिनीवरून उचलता कामा नयेत. कोपरे जमिनीवर पसरू नका. जाड फोमच्या गादीवर कपाळ घट्ट टेकेपर्यंत दाबल्याशिवाय सजदा होत नाही. ज्याला उभे राहता येते आणि सजदाही करता येतो, त्याने केवळ थकव्यामुळे खुर्ची घेतली तर फर्ज नमाज होत नाही. कामठीला जाणारा मुसाफिर ठरत नाही. शहराची हद्द ओलांडून सुमारे ७८ किलोमीटरच्या पुढे आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी गेलात, तरच चारच्या दोन रकाती होतात. फजर आणि मगरिब कधीच कमी होत नाहीत.

सजदा-ए-सह्व (विसरलेल्या गोष्टीच्या भरपाईचे दोन सजदे) हा प्रत्येक चुकीवरचा उतारा आहे, अशी एक समजूत आहे. विसरून राहिलेल्या वाजिबची भरपाई त्याने होते. रुकूसारखा फर्ज सुटला आणि तो नमाजेतच भरून काढला नाही, तर नमाज पुन्हाच पढावी लागते. शेवटच्या बैठकीत अत्तहियात म्हणून उजवीकडे एक सलाम, मग दोन सजदे, पुन्हा अत्तहियात, दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना), दुआ आणि दोन्ही सलाम, असा त्याचा क्रम आहे. तो एमआयडीसीतला तरुण गेल्या महिन्यात पुन्हा आला होता. आता तो इतक्या सावकाश पढतो की तीन रकाती झाल्या की चार, हेच कधी कधी त्याच्या लक्षात राहत नाही. त्याला सांगितले तेच इथे सांगतो. असे पहिल्यांदाच झाले असेल तर नमाज पुन्हा पढावी. वारंवार होत असेल तर मन ज्या आकड्याकडे झुकते तो धरावा. मन कुठेच झुकत नसेल तर तीन धरून तिथे एकदा बसावे, कारण ती चौथीही असू शकते, मग उठून आणखी एक रकात पढावी आणि शेवटी सजदा-ए-सह्व करावा.