छोटा व्हॅक्यूम पंप वापरताय? या चुका टाळा

"पंप फिरतोय, पण ओढत नाही" अशी तक्रार आली की मी मोटरकडे बघत नाही, आधी झडपा बघतो. मुठीत मावणाऱ्या या पंपात मोटर एक रबरी पडदा वरखाली हलवते. पडदा खाली गेला की एका झडपेतून हवा आत येते, वर आला की दुसरीतून बाहेर जाते. या झडपा म्हणजे रबराच्या पातळ चकत्या. खाली केसाएवढा कचरा अडकला तरी बाहेर काढलेली हवा परत आत शिरते.

पाणी तर त्याहून वाईट. एका विद्यार्थ्याने मिठाचं द्रावण गाळायला असा पंप थेट फ्लास्कला जोडला होता. ओढेनासा झाला म्हणून नवा आणला, तोही तसाच झाला. मग त्याने 12 व्होल्टच्या पंपाला 18 व्होल्ट दिले! पंप माझ्याकडे आला तेव्हा डोक्याचे चार स्क्रू काढले. आत मिठाचा पांढरा थर आणि झडप जागेवरच चिकटलेली. डिस्टिल्ड वॉटरने पुसून, पूर्ण वाळवून बसवली आणि पंप पुन्हा ओढू लागला. व्होल्टेज वाढवण्याआधी पाच मिनिटं काढून पंप उघडायला काय हरकत आहे? माझ्याकडे फ्लास्क आणि पंपाच्या मध्ये एक रिकामी बाटली असतेच. येणारी नळी बाटलीत खोलवर, पंपाकडे जाणारी झाकणालगत, आणि तिच्यापुढे फिल्टर.

दुसरा घोळ आकड्यांचा. उणे 60 किलोपास्कल, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 60 ने कमी दाब, हे पूर्ण निर्वात नव्हे. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 101 असतो, म्हणजे आत अजून 41 शिल्लक आहे. वस्तू उचलायला तेवढं भरपूर होतं. 40 मिलिमीटरचा सक्शन कप एवढ्यावर कागदोपत्री साडेसात किलो धरतो. मी त्याच्या चौथ्या हिश्श्यावर भरवसा ठेवतो. आणि वेष्टनावरचा लिटर प्रति मिनिटाचा आकडा मोकळ्या तोंडाचा असतो. निर्वात वाढत जाईल तसा प्रवाह घटत शून्यावर येतो.

नळीत निर्वात असताना पंप पुन्हा चालू करू नका. बरेच छोटे पंप त्या भाराखाली सुरूच होत नाहीत, मोटर अडून तापते. आधी हवा सोडणारा व्हॉल्व्ह उघडायचा, मग स्विच.

मोटर मायक्रोकंट्रोलरच्या (पंप चालू-बंद करणाऱ्या छोट्या चिपच्या) पिनला थेट जोडू नका. मध्ये ट्रान्झिस्टर आणि डायोड हवाच.

बारीक, लांब नळी नको.

पंप बंद केल्यावरही कपने वस्तू धरून ठेवायला हवी असेल तर वेगळा चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लावा. पंपाच्या स्वतःच्या झडपा हळूहळू गळतात.