टेनिस विजेत्याची कारकीर्द कशी अभ्यासावी : स्टेफी ग्राफच्या निमित्ताने

एखाद्या मोठ्या टेनिसपटूवर लेख किंवा व्याख्यान तयार करायचे म्हटले की बहुतेक जण ग्रँडस्लॅम विजेतेपदांच्या एकूण संख्येपासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. जर्मनीच्या स्टेफी ग्राफच्या नावावर एकेरीची २२ ग्रँडस्लॅम विजेतेपदे आहेत आणि ती एकूण ३७७ आठवडे क्रमवारीत अव्वल होती. आकडे चोख आहेत, पण ती कोणाविरुद्ध, कुठे आणि कोणत्या परिस्थितीत जिंकली हे त्यांतून कळत नाही. त्यासाठी बेरीज पुन्हा फोडावी लागते.

प्रथम वर्षवार तक्ता करावा. प्रत्येक वर्षापुढे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन असे चार रकाने आखून त्यांत निकाल, शेवटची प्रतिस्पर्धी आणि गुणफलक लिहावा. केवळ विजेतेपदे भरू नयेत. पराभव आणि गैरहजेरी यांचीही नोंद हवीच, कारण पुढचे बरेचसे काम त्यांच्यावरच चालते. जुन्या खेळाडूंचा तक्ता करताना एक खाचखळगा सांभाळावा : ऑस्ट्रेलियन स्पर्धा काही वर्षे डिसेंबरात होत असे आणि १९८६ साली ती झालीच नाही.

तक्ता झाला की प्रत्येक रकान्यात कोर्टाचा प्रकार लिहावा. ग्राफच्या १९८८ या वर्षाचे खरे मोल इथे उलगडते. तिने मेलबर्नमध्ये ख्रिस एव्हर्टला ६-१, ७-६ असे, पॅरिसमध्ये नताशा झ्वेरेवाला ६-०, ६-० असे, विम्बल्डनला मार्टिना नवरातिलोव्हाला ५-७, ६-२, ६-१ असे आणि न्यूयॉर्कमध्ये गॅब्रिएला सबातिनीला ६-३, ३-६, ६-१ असे हरवले. मग सोल ऑलिंपिकच्या अंतिम फेरीतही सबातिनीलाच नमवून सुवर्णपदक घेतले. रॉड लेव्हरने १९६९ साली आणि मार्गारेट कोर्टने १९७० साली एकाच वर्षात चारही स्पर्धा जिंकल्या होत्या, परंतु तेव्हा त्यांतील तीन गवतावर होत असत. ऑस्ट्रेलियन स्पर्धा १९८८ सालीच गवतावरून हार्ड कोर्टवर आली, त्यामुळे ग्राफला गवत, लाल माती आणि हार्ड कोर्ट अशा तिन्ही प्रकारांवर जिंकावे लागले. मात्र लेव्हर आणि कोर्ट यांच्या वाट्याला ऑलिंपिक सुवर्णाची संधीच आली नव्हती, कारण १९२४ नंतर पदकांसाठीचे टेनिस थेट १९८८ साली परतले, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे. त्या वर्षी ग्राफ केवळ तीन सामने हरली आणि त्यांतील दोन सबातिनीकडून. अंतिम फेरीतील सबातिनीवरच्या विजयांचे वजन यावरून कळते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हौशी लेखक नेमकी तीच टाळतात : मुख्य प्रतिस्पर्ध्याचा तक्ता शेजारी ठेवणे. १९९१ च्या आरंभापासून १९९३ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेपर्यंतच्या नऊ ग्रँडस्लॅम स्पर्धांपैकी सात मोनिका सेलेसने जिंकल्या, तर विम्बल्डनची दोन विजेतेपदे ग्राफकडे गेली. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बर्गमध्ये सामना सुरू असताना ग्राफच्या एका चाहत्याने सेलेसच्या पाठीत सुरी खुपसली आणि सेलेस ऑगस्ट १९९५ पर्यंत स्पर्धात्मक टेनिसपासून दूर राहिली. त्या तारखेला रेघ मारून मोजल्यास ग्राफची ११ विजेतेपदे आधीची आणि ११ नंतरची निघतात. नंतरच्यांपैकी सहा सेलेसच्या अनुपस्थितीतली आहेत. सेलेस खेळत राहिली असती तर काय झाले असते, याचे उत्तर देण्याच्या फंदात पडू नये. मात्र हे आकडे न देता ‘सर्वश्रेष्ठ’ हे विशेषण लावणे माझ्या मते अप्रामाणिकपणाचे आहे.

अनुपस्थितीतली विजेतेपदेही सरसकट स्वस्त ठरवू नयेत. त्यासाठी एखादा सामना बारकाईने पाहावा. १९९३ च्या विम्बल्डनच्या अंतिम फेरीत याना नोवोत्ना तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती आणि स्वतःच्या सर्व्हिसवर ४०-३० असताना तिने डबल फॉल्ट केला. तो एक गुण मिळाला असता तर ५-१ झाले असते. उलट ग्राफने सलग पाच गेम घेऊन तो सेट ६-४ असा खिशात घातला. नोवोत्ना ढेपाळली हे खरे, पण ग्राफने त्या पाच गेममध्ये तिला सावरू दिले नाही, हेही तितकेच खरे.

खासगी आयुष्यातील घटना वेगळ्या परिच्छेदात कोंबण्याऐवजी तक्त्याच्या समासात तारखेनिशी लिहाव्यात. तिला घडवणारे वडील पीटर ग्राफ यांना करचुकवेगिरीच्या प्रकरणात ऑगस्ट १९९५ मध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात, ते कोठडीत असताना, तिने परतलेल्या सेलेसला न्यूयॉर्कच्या अंतिम फेरीत ७-६, ०-६, ६-३ असे हरवले. १९९७ मधील गुडघ्याची शस्त्रक्रिया समासात असेल, तरच १९९९ च्या फ्रेंच स्पर्धेतील मार्टिना हिंगिसवरच्या ४-६, ७-५, ६-२ या विजयाचे मोठेपण ध्यानात येते.

पिढ्यांची तुलना अगदी शेवटी करावी आणि ती थोडक्यात आटोपावी. एव्हर्टची १८ विजेतेपदे ग्राफच्या २२ पेक्षा कमी दिसतात, परंतु १९७६ ते १९७८ ही तीन वर्षे ती फ्रेंच स्पर्धा खेळलीच नाही, आणि याच काळात मातीच्या कोर्टवर तिची सलग १२५ विजयांची मालिका सुरू होती.