झोप आणणाऱ्या पेप्टाइडचा आकडीरोधक गुण: शोधनिबंध कसा तपासावा

डेल्टा स्लीप इंड्यूसिंग पेप्टाइड, म्हणजे डीएसआयपी, हे नऊ अमिनो आम्लांचे छोटे पेप्टाइड असून १९७७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या संशोधकांनी त्याची रचना प्रसिद्ध केली. मेंदूतील थॅलॅमस या भागाला विद्युत उद्दीपन देऊन झोपवलेल्या सशांच्या मेंदूतून परतणाऱ्या रक्तातून ते मिळवले होते. हे पेप्टाइड आकडीही रोखते, असे सांगणारा शोधनिबंध वाचताना ‘झोप आणते, म्हणजे आकडीही थांबवणारच’ हा तर्क आधी बाजूला ठेवावा. जागरणाने आकडी येऊ शकते हे खरे. परंतु मंद लहरींच्या गाढ झोपेत मेंदूतील पेशी एका तालात काम करू लागतात आणि अपस्माराच्या अनेक रुग्णांच्या ईईजीमधील, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखातील, तीक्ष्ण लहरी नेमक्या तेव्हाच वाढतात, तर आरईएम, म्हणजे डोळ्यांच्या जलद हालचालींच्या, झोपेत त्या कमी होतात. म्हणून आकडीरोधक परिणामाचा पुरावा स्वतंत्रच मागावा.

त्यानंतर आकडी कशी आणली, ते पाहावे. पेंटिलीनटेट्राझोल हे रसायन गाबाचा, म्हणजे मेंदूतील पेशींना शांत ठेवणाऱ्या द्रव्याचा, अटकाव दुबळा करून आकडी आणते. मेटाफिट हे रसायन दिलेल्या उंदरांना मोठा आवाज ऐकवला की आकडी येते, आणि डीएसआयपीने ती सौम्य झाल्याचे प्रयोग झालेले आहेत. मात्र एका पद्धतीतील यश दुसरीत गृहीत धरता येत नाही.

मोजणीकडे तर विशेष बारकाईने पाहावे, कारण माझ्या मते खरी फसगत तिथेच होते. आकडीची तीव्रता मोजणाऱ्या रॅसिनच्या मोजपट्टीवर पहिली पायरी तोंडाच्या हालचालींची, तिसरी पुढच्या पायांच्या झटक्यांची आणि पाचवी मागच्या पायांवर उभे राहून कोसळण्याची असते. गुंगीतला उंदीर उभाच राहिला नाही, तर त्याचे गुण आपोआप कमी भरतील. त्यामुळे सोबत ईईजी नोंदवला होता का, आणि फिरत्या दांड्यावर तोल सांभाळण्याची चाचणी घेतली होती का, हे शोधावे.

पेप्टाइड रक्तात लवकर विघटित होत असल्याने मात्रा, देण्याचा मार्ग आणि आकडी आणण्यापूर्वी किती वेळ आधी ते दिले, याही नोंदी तपासाव्यात. तीच अमिनो आम्ले वेगळ्या क्रमाने जोडलेले पेप्टाइड तुलनेसाठी वापरले असेल, तर निष्कर्षाला बळ येते.

घरात अपस्माराचा रुग्ण असेल, तर असे निबंध वाचून चालू औषध बंद करू नये. ते अचानक थांबवल्यास सलग आकड्या येऊन जिवावर बेतू शकते.