लाइट आली की लगेच मोटार सुरू होऊ देऊ नका

रब्बीचं पाणी सुरू झालं की सगळ्यांची गाठ एकाच वेळी पडते. पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांत गव्हाची मुकुटमुळं फुटतात, तेव्हा पाणी चुकवून चालत नाही. फांद्या फुटणाऱ्या हरभऱ्यालाही त्याच सुमारास ओल हवी असते. विहिरीत पाणी आहे, पण लाइट येते, पाच मिनिटांत जाते, परत येते, परत जाते. मग सबस्टेशनवरच्या ऑपरेटरच्या नावानं शिव्या सुरू होतात. बऱ्याचदा त्याचा दोष नसतो.

गावाजवळच्या सबस्टेशनात 33 केव्हीची लाइन येते. तिथला मोठा ट्रान्सफॉर्मर ती 11 केव्हीवर उतरवतो आणि तिथून गावठाणाचे, शेतीचे वेगवेगळे फीडर निघतात. प्रत्येक फीडरला स्वतंत्र ब्रेकर असतो. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढला गेला की ब्रेकर आपोआप पडतो. तो पडला नाही तर तारा आणि ट्रान्सफॉर्मर जळतील.

आता हिशोब बघा. 5 एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, पण थेट सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट, म्हणजे 45 च्या आसपास. 100 केव्हीएच्या डीपीची, म्हणजे मोटारींना वीज देणाऱ्या शेतातल्या ट्रान्सफॉर्मरची, क्षमता सुमारे 133 अँपिअर. एका डीपीवरच्या 15 मोटारींना ऑटो (लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारं यंत्र) लावलेलं असेल, तर लाइट येताच पावणेसातशे अँपिअरची ओढ लागते. फीडरवरच्या सगळ्या डीपींवर हेच घडलं की ब्रेकर पडणारच. ऑपरेटर पुन्हा चालू करतो, ऑटोही पुन्हा तयारच असतात. इकडे वायरमन लाइनवर फॉल्ट शोधत बांधाबांधानं फिरतो.

म्हणून ऑटो काढा. रात्रपाळीच्या लाइटीत विंचू-काट्यात कोण जाणार, हे खरंच. काढणं जमत नसेल तर टायमरचं ऑटो घ्या. डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून वेळ वाटून घ्यावी: पहिल्याची मोटार 2 मिनिटांनी, दुसऱ्याची 4, तिसऱ्याची 6. शेवटच्याला अर्धा तास थांबावं लागेल, पण जळालेल्या डीपीसाठी आठवडा घालवण्यापेक्षा ते परवडतं. 5 एचपीला 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर बसवा, करंट कमी होतो. एक फेज गेल्यावर जुगाड करून दोन फेजवर मोटार ओढू नका, वाइंडिंग जातं.

फ्यूज गेला म्हणून डीपीला हात लावू नका. वर 11 केव्ही आहे. ऑपरेटर लाइन बंद करून परमिट, म्हणजे लाइनवर काम करायची परवानगी, देतो ती वायरमनला. ‘फोनवर बंद करायला सांगितलंय’ या भरवशावर खांबावर चढणारे जिवानिशी गेलेत. उसावर तार लोंबत असेल तर तोडणीची वाट न पाहता 1912 वर तक्रार नोंदवा.

2023 पासूनच्या सौर कृषी वाहिनी 2.0 या सरकारी योजनेमुळे काही सबस्टेशनांना शेजारच्या सौर प्रकल्पातून दिवसा वीज मिळते. ‘गावात सोलर आहे, तरी लाइट का जाते?’ असं पारावर हमखास विचारलं जातं. ती वीज त्याच सबस्टेशनातून, त्याच फीडरवरून तुमच्यापर्यंत येते, आणि सबस्टेशन बंद पडलं की सुरक्षेसाठी तो प्रकल्पही आपोआप बंद होतो. तेव्हा दिवसा लाइट मिळत असली तरी टायमर काढून ठेवू नका.