भाषणात गोष्ट सांगायची तर स्वतःची

वक्तृत्व स्पर्धा असो की निरोप समारंभ, ससा-कासव, उकळत्या पाण्यातला बेडूक आणि एडिसनचा दिवा आता श्रोत्यांना तोंडपाठ झालेत. त्यापेक्षा स्वतःची गोष्ट सांगा. निदान ती कुणाला व्हॉट्सॲपवर आलेली नसते!

प्रसंग मोठा हवा असं नाही, तपशील नेमका हवा. ॲपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांनी 2005 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात आयुष्यातल्या तीन गोष्टी सांगितल्या, त्याही कागदावरून वाचून. 'मी हलाखीत दिवस काढले' असं ते म्हणाले नाहीत. कोकच्या बाटल्या परत करून मिळणाऱ्या 5-5 सेंटांत जेवण व्हायचं आणि रविवारी रात्री चांगलं जेवायला मिळावं म्हणून 7 मैल चालत हरेकृष्ण मंदिरात जायचो, एवढंच सांगितलं. हलाखी आपोआप दिसली.

तुमच्या प्रसंगातही असं काहीतरी सापडतंच. 'वडील फार कडक होते' याऐवजी दारात त्यांच्या चपला वाजल्या की टीव्ही कसा बंद व्हायचा, ते सांगा. आजी मालवणीत किंवा वऱ्हाडीत बोलली असेल तर तिचं वाक्य तसंच येऊ द्या. प्रमाण भाषेत आणलंत की त्यातला जीव गेला. पाल्हाळ नको, दोन-तीन मिनिटं पुरे. अजून ठसठसणारं दुःख मात्र माइकवर नेऊ नका. आणि गोष्टीत घरचं कुणी असेल तर त्यांना आधी विचारा, विशेषतः ती व्यक्ती पहिल्या रांगेत बसणार असेल तर.